नखऱ्याच्या मानेवरचा घट्टा

अमळनेरला भूषणचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक आणि निधन, तिन्ही प्रसंगी गावातली माणसं त्याच्या कृपेने गोरी होतात. एवढं पुण्य गाठीशी असताना एकेचाळिसाव्या वर्षी या गृहस्थाने ठरवलं, की कॉम्प्युटरवर बैल घडवायचा.

कारण होतं त्याचे वडील, भिकन आबा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नखऱ्या बैल गेला, घरी ट्रॅक्टर आला आणि आबांनी पोळा करणं सोडलं. कमलबाईंनी, म्हणजे भूषणच्या आईने, बाजारातून मातीचा बैल आणला, तर आबा तोंड फिरवून बसले. "वळख ना पाळख, कोना बी बैलना पाय कसाले पडू?"

मग ओळखीचाच बैल करू, म्हणून भूषण माउस घेऊन बसला. मूर्ती घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर मातीचा गोळा येतो. तो दाबायचा, ओढायचा, खरवडायचा. समोर नखऱ्याचा एकुलता एक फोटो. तोही उजव्या बाजूचा, आणि त्यात मागचा भाग पुढे उभ्या राहिलेल्या कमलबाईंनी पदरासकट झाकलेला.

पहिल्या प्रयत्नात डुक्कर झालं. दुसऱ्यात छाती इतकी फुगली, की आबा म्हणाले, "हाऊ बैल शे का पहिलवान?" तिसऱ्या वेळी माउस घसरला आणि वशिंड पाठीच्या मधोमध जाऊन बसलं. कमलबाईंनी त्या उंटाला हात जोडले.

चौथा मात्र हुबेहूब. तेच डोळे, तीच तिरकी ऐट. आबांनी बराच वेळ पाहिलं.

"नही. हाऊ कधी जू खाले गया नही."

"आबा, फोटो तं दखा!" भूषण रडकुंडीला आला.

आबांनी त्याचा हात धरला आणि स्वतःच्या मानेवर डाव्या बाजूला ठेवला. "आठे. बारा वरीस डावी आंगे जुपना तो. आठे घट्टा व्हता. मी रोज चोळू."

भूषणच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: उजवी बाजू घडवली की डावी आपोआप तशीच होते. वेळ वाचतो. यंत्राची समजूत अशी, की बैल दोन्हीकडून सारखाच झिजतो.

त्याने ती सोय बंद केली. घट्टा आधी लिंबाएवढा झाला, मग बोराएवढा. आबा शेजारी बसून पडद्यावरच बोट दाबत होते. "आठे. अजून दाब." पडदा बोटांच्या ठशांनी भरला, पण भूषणने तो पुसला नाही.

जळगावहून थ्रीडी प्रिंटरवर छापलेला वीतभर बैल आला, तो पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. खांदमळणीची वेळ, बैलांच्या माना चोळायची.

"प्लास्टिकना बैल," कमलबाई म्हणाल्या. "चारा तरी वाचना."

आबांनी बैल हातात घेतला आणि अंगठा मानेवरून फिरवला. उजवीकडून डावीकडे. तिथे थांबला.

"तूप आन. हळद बी."

दोन वर्षं खुंटीला लटकलेली नखऱ्याची घुंगरमाळ आबांनी स्वतः उतरवली. ती त्या बैलाच्या गळ्यात कुठली बसायला! त्यांनी ती पाटावर गोल मांडली आणि बैलाला मधोमध उभं केलं. मग हळद-तुपाचं बोट घट्ट्यावर चोळत राहिले.

"शेपटी आखूड शे," आबा शेवटी म्हणाले. "पुढला पोळाले नीट कर."

"आईने झाकेल व्हती फोटोमा!" भूषण ओरडला.

कमलबाई पुरणाची डाळ धुवायला आत पळाल्या.