उघडणारं प्रथिन

पाचूबंदरच्या अँथनी कोळ्याची मुलगी ग्लोरिया मुंबईत पीएच.डी. करत होती. २००२ साली तिला घरात कुठे धड बसवत नव्हतं. डोक्यात एकच कोडं होतं. जिवाणूत रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, प्रथिनाची साखळी पूर्ण झाली की दुसरं एक प्रथिन येऊन ती सोडवतं. त्याचं एक टोक थांबायची खूण वाचतं, दुसरं साखळी मोकळी करतं. रायबोसोमवर या दोन जागा एकमेकींपासून लांब, पण त्या प्रथिनाच्या स्फटिकातून काढलेल्या रचनेत ही दोन टोकं फारच जवळ होती. मग दोन्हीकडे एकदम पोचणार कशी?

"कोणाचं तरी माप चुकलंय," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले.

"मला वाटतं, ते प्रथिनच आकार बदलतं," ग्लोरिया म्हणाली.

तिने प्रथिन चिरणारं एन्झाइम वापरून पाहिलं. एकटं प्रथिन एका जागी तुटलं, रायबोसोमवरचं दुसऱ्याच जागी; म्हणजे तिथे त्याचा आकार वेगळा होता. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. तिने प्रयोग पुन्हा पुन्हा केला. रविवारी चर्चमध्ये मिस्सातही तिची चुळबुळ थांबेना. "पोरी, देवापुढे तरी थीर बस," आई फिलोमिना पुटपुटली.

पुढच्या वर्षी परदेशी शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेली चित्रं छापून आली. रायबोसोमवर ते प्रथिन लांब उघडलेलं दिसत होतं. आपलं खरं ठरलं, पण आपल्याआधी दुसऱ्यांनी सांगितलं, या विचाराने तिला रडूही आलं आणि हसूही.

"तुझा पुरावा वेगळा आहे, लिहायला घे," सर म्हणाले.

त्या दिवशी आईने विचारलं, "आता तरी नीट जेवशील ना?"

ग्लोरिया हो म्हणाली. मग ते नेमकं कधी उघडतं, रायबोसोमवर बसण्याआधी की बसल्यावर, हा विचार डोक्यात शिरला आणि ती ताटावरून उठली.