सवडीनं वाचा

मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांपुढं सांगायला, बोलावलं की मी आजवर टाळत आले. एक तर माझी जीभ तिखट, आणि साक्ष म्हणजे गोड बोलायचं असा आमच्या स्त्रीमंडळाचा समज आहे. दुसरं म्हणजे माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतंच. देव ऐकतो की नाही, याबद्दल अलीकडे मला शंका यायला लागली होती, आणि शंका घेऊन मंडळीपुढं कशी उभी राहणार? गेल्या पौषात जे घडलं त्यानं माझी शंका फिटली असंही नाही. पण जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. मला काही उमगलं म्हणून हे लिहीत नाही. घडलं, म्हणून लिहिते.

माझे यजमान वडूजला शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर आम्ही सांगलीला आलो, इथल्या लहानशा मेथडिस्ट मंडळीत रुळलो. मास्तरांना आयुष्यभर एकच नाद, पत्रिका वाटायचा. पत्रिका म्हणजे लग्नाची नव्हे. प्रभू येशूची एखादी गोष्ट, खाली लहानशी प्रार्थना, असा घडी घातलेला एक कागद. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जाडसर गुलाबी नाहीतर पिवळ्या कागदावर यायच्या आणि शाई बोटांना लागायची. पुढं पांढरा कागद आला. मग चकचकीत रंगीत चित्रं आली, कोकरू कडेवर घेतलेला गोरापान प्रभू. आता तर आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, सकाळी मोबाइलवर एक चित्र टाकतात की झालं. मास्तरांचा जीव मात्र जुन्या कागदावर, आपल्या पत्रिका ते शेवटपर्यंत मुद्दाम त्याच गुलाबी-पिवळ्या कागदावर छापून घ्यायचे. गठ्ठे घरी यायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे. भाजी शिजेपर्यंत अंगठ्याच्या नखानं दाबून घड्या घालत बसायची मी. पण त्यातली एकही कधी वाचली नाही. पापड लाटणारी बाई काय प्रत्येक पापड चाखून बघते?

त्यांची वाटायची रीत ठरलेली होती. दर पौषात औंधला यमाईची जत्रा भरते, तिथं ते जायचे. पण देवीच्या पायरीवर कधी उभे राहिले नाहीत. दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपल्या घरचं आमंत्रण द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. डोंगराच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेनं उभं राहायचं, हात पुढं करायचा आणि म्हणायचं, "घ्या, सवडीनं वाचा." बास. वाद नाही, उपदेश नाही. नको म्हणेल त्याला नमस्कार. लोक चार पावलं पुढं जाऊन कागद टाकून द्यायचे. टाकणाऱ्याच्या देखत ते तो कधी उचलायचे नाहीत, त्याला ओशाळल्यासारखं होईल म्हणून. गर्दी ओसरली की मग वाकून एकेक गोळा करायचे. घरी आल्यावर पाठीला मलम लावताना मी म्हणायची, वाटताय कशाला, तिथं नेऊन ओता आणि परत भरून आणा. ते नुसते हसायचे.

पत्रिकेच्या पाठीवर मंडळीचा शिक्का आणि फोन नंबर असतो. पाळक बदलतात, नंबर बदलतात, म्हणून मास्तरांनी एका वर्षी शिक्क्यात माझाच मोबाइल नंबर घालून टाकला. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हतीच. मग फोन सुरू झाले. कुणी प्रार्थना मागायचं, कुणी नोकरी, कुणी नुसत्याच शिव्या घालायचं. मी मास्तरांशी कडाकडा भांडले. शेवटी अनोळखी नंबर उचलायचाच सोडून दिला.

मग त्यांना विसरायचा आजार लागला. आधी चष्मा विसरले, मग रस्ता, मग मला. मला "बाई" म्हणायला लागले. हाताची सवय तेवढी शाबूत राहिली. खांद्याला पिशवी अडकवून फाटकात उभे राहायचे आणि दूधवाल्याला, भाजीवालीला पत्रिका द्यायचे. पण दिवस आता तसे राहिलेले नाहीत. हातात कागद दिसला की कोण काय अर्थ काढील सांगता येत नाही. आमच्या ओळखीतल्या एका भल्या माणसाला वाटताना मार बसला, तोंड सुजून गेलं होतं. मंडळीनं वाटप थांबवलं, गठ्ठे कपाटात कुलपात गेले आणि मी मास्तरांची पिशवी रिकामी केली. चूक केली असं मला वाटत नाही. आजही तेच करीन.

त्या दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं. उतू जाऊ नये म्हणून तिथंच उभी राहिले, आणि बाहेर येऊन बघते तर फाटक सताड उघडं. मास्तर नाहीत, पिशवी नाही, खुंटीवरचा कोटही नाही. पत्त्याची चिठ्ठी मी त्यांच्या रोजच्या सदऱ्याला आतून शिवली होती. सदरा दोरीवर वाळत होता.

शेजारचे अण्णा धावत आले. अण्णा जैन, हळदीचे व्यापारी, दर नाताळाला मास्तरांकडून पत्रिका घेऊन डोळ्याला लावणारा माणूस. त्यांनी गाडी काढली. बसस्टँड झालं, मार्केट यार्ड झालं, पोलिसांत फोटो दिला. दुपारी कुणीतरी सांगितलं की कृष्णेच्या घाटावर म्हाताऱ्या माणसाच्या चपला पडल्यात. त्या पायऱ्या मी कशा उतरले मला आठवत नाही. चपला दुसऱ्याच कुणाच्या होत्या. ते कळल्यावर मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी मी हादरले. कारण त्याही कुणाच्यातरी होत्याच की.

लोक विचारतात, तेव्हा प्रार्थना केलीस का? नाही केली. नदीकडं बघत मी देवाशी भांडले. म्हटलं, जन्मभर उन्हात उभं राहून ज्यानं तुझं नाव वाटलं, त्याच्या डोक्यातून तू त्याचं स्वतःचं नावही काढून घेतलंस. बरं, घेतलंस ते घेतलंस. आता निदान त्याला कुणाचा मार खायला लावू नकोस. मला परत दे किंवा तुझ्याकडं ने, पण रस्त्यावर मार नको. मग भांडायचंही बळ राहिलं नाही. तिथंच पायरीवर बसून म्हटलं, तुझा माणूस आहे, तू बघ.

फोन वाजला. अनोळखी नंबर. सकाळपासून मी येईल तो फोन घेत होते, कर्ज हवंय का विचारणाऱ्या एका मुलीला चार शब्द सुनावूनही झाले होते. या वेळी पलीकडून ओरडून बोलणारी म्हातारी होती. "आवं, मास्तरीणबाई का? मास्तर हितं हायत. औंधला, यमाईच्या पायथ्याला. बशिवलंय मी त्येस्नी. तुमी या, पर गडबडीत पडू-बिडू नका."

सांगली कुठं आणि औंध कुठं. जो माणूस मोरीकडं जायचं म्हणून देवघरासारख्या आमच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, तो दोन एसट्या बदलून औंधला पोचला कसा? आणि आज जत्रा आहे हे त्याला कुणी सांगितलं? मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. अण्णांना वाटेत विचारलं, तर ते म्हणाले, "वहिनी, आता गप बसा. पोचू द्या."

ऊन कलताना पोचलो. डोंगराच्या पायथ्याला हळदीकुंकवाची दुकानं मांडलेली. एका दुकानामागं पोत्यावर मास्तर बसलेले, अंगात कोट, खांद्याला रिकामी पिशवी. शेजारी सुरकुतलेली एक बाई. हौसाबाई तिचं नाव. तिनं मला आधी पाणी दिलं आणि मग सांगायला लागली.

"आल्याधरनं हुबं हुतं बगा, हात म्होरं करून. हातात कायबी न्हाई. लोकांस्नी वाटलं, म्हातारं मागतंय. कुणी पैसं ठिवलं, कुणी खोबऱ्याचा तुकडा. तर ह्ये त्येच म्होरच्या माणसाच्या हातावर ठिवत्यात आन म्हणत्यात, घ्या, सवडीनं वाचा."

मी तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, मला सांगता येणार नाही. माझा नवरा, गावानं ज्याला वाकून नमस्कार केला, त्याला लोकांनी भीक घातली होती, आणि त्यानं ती वाटून टाकली होती.

"मग चार-पाच पोरं आली," हौसाबाई म्हणाली. "तापलेली हुती. काय वाटतोय रं म्हाताऱ्या, दाव बगू, म्हणत पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी. ह्येंनी त्येंच्याबी हातावर खोबरं ठिवलं. बगत ऱ्हायली, मग खाल्लं आन गेली. तवा म्या हाताला धरून हितं आणलं. म्या वळखते की त्येस्नी. लय वर्सांची वळख हाय."

पिशवी रिकामी होती. मी तिथंच जमिनीवर बसले. सकाळपासून मी त्या पिशवीसाठीच स्वतःला कोसत होते, की वेळ घालवायला निदान चार कागद ठेवायला हवे होते. मग मी विचारलं, "पण माझा नंबर कुठून मिळाला?"

हौसाबाईनं समोरच्या परडीकडं बोट केलं. परडीत कुंकवाच्या पुड्या रचलेल्या होत्या. गुलाबी, पिवळ्या. मी एक उचलली. कागदावर माझ्या अंगठ्यानं दाबलेली घडी होती आणि तिच्यावर आडवी हौसाबाईची. "मास्तर कागद गोळा करायचं, तवा मीबी वाकायची. त्येंनीच मला दिलं. म्हणायचं, हौसाबाई, फेकू नका, कामाला लावा. नव्या चकचकीत कागदाची पुडी सुटती बगा, जुना लय ब्येस. पेटी भरून हाय माज्याकडं. मला वाचाय येत न्हाई, पर छापल्यालं हाय म्हंजी ठावठिकाणा आसंलच की. मग एक पुडी सोडली आन नारळवाल्याला म्हटलं, वाच."

खरं सांगते, पहिल्यांदा मला राग आला. प्रभूच्या वचनात कुंकू बांधायचं म्हणजे काय? पण तो राग टिकला नाही. ज्या नंबरावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं, तो नंबर या बाईनं देवीच्या पायथ्याला जपून ठेवला होता, तो नंबर आहे हे माहीत नसतानाही. पत्रिका पिशवीत नव्हत्या म्हणून मास्तर वाचले, आणि हौसाबाईच्या पेटीत होत्या म्हणून मला मिळाले. कुठली गोष्ट देवानं केली आणि कुठली मी, याचा हिशेब लावायला गेले तर आजही मला घेरी येते.

निघताना हौसाबाईनं सवयीनं कुंकवाचं बोट उचललं आणि लगेच थांबली. "तुमच्यात लावत न्हाईत, ठावं हाय मला," म्हणाली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला मधेच धरलं. मग मी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. ओळख नव्हती. त्यांनी परडीतली एक गुलाबी पुडी उचलली, माझ्या हातात दिली आणि फार मायेनं म्हणाले, "घ्या बाई, सवडीनं वाचा."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी पत्रिका दिली नव्हती. घरच्याच बाईला कशाला द्यायची? मी ती घेतली.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. सूर्य मावळल्यावर अण्णा जेवत नाहीत, म्हणजे दिवसभराचे ते उपाशीच होते, हे विट्याजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "आज उपास घडला, बरं झालं." मागच्या सीटवर मास्तर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते.

मास्तर बरे झाले नाहीत, होणारही नाहीत. फाटकाला आता कुलूप असतं, चिठ्ठी सगळ्या कपड्यांना शिवली आहे, आणि पिशवी अजूनही रिकामीच असते. अनोळखी फोन मात्र मी उचलते. कुणी प्रार्थना मागितली तर फोनवरच करते, शिव्या घातल्या तर ऐकून घेते. प्रभूवर भार टाकणं म्हणजे काय हे मला उपदेशातून कधी कळलं नव्हतं. आता थोडंसं कळतं. ज्या हातात काहीच नाही तो हातही पुढं करायचा, त्यात काय ठेवायचं आणि ते कुणाकडं पोचवायचं, हे त्याच्याकडं. त्याचे उपकार मला बोलता येत नाहीत, म्हणून इथंच थांबते.

मास्तर आता सकाळी उठले की घरात हाताला लागेल ते मला आणून देतात. कधी चमचा, कधी मोजा, कधी बटाटा. "घ्या बाई, सवडीनं वाचा." मी उभी राहून दोन्ही हातांनी घेते आणि आभार मानते. परवा त्यांनी माझाच चष्मा आणून दिला. तो डोळ्याला लावला, कुंकवाचा तो गुलाबी कागद उलगडला आणि त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा वाचायला घेतला.