लॅपटॉपवरचं गाव

ज्या गोष्टीवाचून जगाचं काहीच अडलेलं नाही, ती जीव ओतून करण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लोक मोतीबिंदू काढतात, गुडघे दाखवतात. साडूंनी ब्लॉकचेन, म्हणजे कुणाला खोडता न येणारी नोंदींची साखळी, शिकायला घेतली. कारण होतं सिहोऱ्याकडचं त्यांचं शेत. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, तलावाचं पाणी आधी कुणी घ्यायचं, यावरून धाकट्या भावाशी भांडण झालं आणि बोलणंच तुटलं. "मानसाचा भरवसा नाही राहिला," साडू म्हणाले, "आता पाळी कॉम्प्युटर ठरवन." त्यांनी स्मार्ट काँट्रॅक्ट लिहिलं, म्हणजे पाळीचा असा करार, की एकदा ब्लॉकचेनवर चढला की आपोआप चालतो आणि कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

चढवण्याआधी तपासायला हवा, म्हणून जवाहरनगरजवळच्या शहापूरला, त्यांच्या घरी, लॅपटॉपवरच एक नोड, म्हणजे ही साखळी चालवणारा प्रोग्रॅम, सुरू झाला. साखळी खोटी, खाती खोटी, नुकसान कुणाचंच नाही. साडूंनी त्या खात्यांना गावकऱ्यांची नावं दिली आणि सगळ्यांच्या वतीनं एकटेच दिवसभर पाणी मागत बसू लागले. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि नोड बंद पडला की सगळी साखळी पुसली जाते. एकदा मेहुणीबाईंनी मिक्सरसाठी प्लग काढला.

"अवं, गाव बुडालं ना!" साडू किंचाळले.

"कोनाचं?" म्हणत त्या चटणीचं भांडं घेऊनच अंगणात धावल्या.

अखेर करार बिनचूक चालला. लॅपटॉप आणि मला सोबत घेऊन साडू गावी गेले. भावानं चहा दिला, स्क्रीन पाहिली.

"यात मी कोनता?"

"हा. दुसरा."

"दुसरा काहून? पयला कोन हाये?"

पहिलं खातं त्यांचं स्वतःचं होतं. इतक्यांदा तपासून ही एक चूक त्यांच्या नजरेतून सुटली होती. भाऊ उठला आणि गोठ्याकडे निघून गेला. त्या दिवशी साडू जेवले नाहीत.

आता ते रोज सकाळी नोड सुरू करतात आणि पहिली पाळी धाकट्याला देतात. परवा मी शेजारी बसून पाहत होतो.

"बराबर चालून राहिलं," ते हळूच म्हणाले.

"मंग लावा ना फोन त्यायले."

साडूंनी प्लग नीट बसलाय का, ते चाचपून पाहिलं.

"मशीनले सांगता येते बापा. त्याले कसं सांगू, पयले तू घे म्हून?"