मटणवाल्या काकीनं गिळलेला ‘नाही’

शेजारच्या घरात लेकराला गुरासारखं बडवत असतात, तेव्हा तुम्ही काय करता? टीव्हीचा आवाज वाढवता. खोटं बोलू नका. काकीच्या गल्लीनंही तेच केलं.

काकी म्हणजे बाजारातल्या मटणाच्या दुकानाची मालकीण. नवरा बोकड आणायचा, सोलायचा. कापायचं, तोडायचं काम काकीचं. तिचा सत्तूर असा चालायचा की बघणाऱ्यानं आपली बोटं खिशात घालावीत. तोंडही त्याच धारेचं. हाडं जास्त घातली म्हणून कुणी कुरकुरलं, की सत्तूर ओंडक्यात रुतवून म्हणायची, “बोकड काय हवेवर उभा होता? हाडं असणारच की त्याला!” उभ्या बाजारात तिला कुणाची भीती नव्हती.

भीती वाटायला लागली ती पोटच्या पोरीची.

पोरगी चौथीत. घरात तिला खार म्हणायचे, एका जागी बसेल तर शपथ. धाकटा भाऊ रांगायला लागला नि खारीचं काहीतरी बिनसलं. भाजीची सुरी पिठाच्या डब्यात सापडायची, कात्री गादीखाली. आणि तिचा तो प्रश्न.

“आई, मी बाळाला काही केलं नाही ना?”

“नाही गं.”

“नक्की नाही ना?”

बाळ समोर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखतंय, आणि ही विचारतेय! काकीनं आधी मायेनं ‘नाही’ म्हटलं, मग वैतागून, मग ओरडून, आणि शेवटी हातानं. कानाखाली जाळ निघाला की पोरगी गप्प व्हायची. गाल चोळायची, बाळाकडे बघायची, नि पुन्हा, “पण नाही ना?”

मग एका सुट्टीच्या सकाळी, दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना, मोठा सुराच गायब झाला. नवऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं कमरेचा पट्टा काढला आणि पोरीला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. पट्ट्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. रांगेतला एक जण हसत म्हणाला, “काकी, आज बोकड कापताय की पोरगी?” चार जण हसले. कुणी रांग सोडली नाही.

सुरा कचऱ्याच्या पिंपाखाली सापडला. पोरीच्या पाठीवर बोटभर जाडीचे वळ. काकी तेल लावायला बसली तेव्हा पोरगी हळूच बोलली, “मला दिसतं, आई. मी बाळाचा गळा कापतेय. तू बोकड कापतेस तसा. मला नाही करायचंय गं. पण दिसतं.”

दारात उभ्या नवऱ्यानं ऐकलं. “झालं! ही घरात नको. बहिणीकडे टाकून येतो.”

बहिणीकडे म्हणजे फुकटची मोलकरीण, हे काकीला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बोलली नाही. उलट जायचा दिवस येईपर्यंत, बाळ जागं असेल तेव्हा पोरीला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायला लागली. तिनंच, स्वतःच्या हातानं. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला, म्हणतात ते हेच.

नेणार होते त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, बाळ निजलेलं म्हणून पोरगी दुकानात मोकळी असताना, काकीनं दुकान बंद करायला शटर खाली खेचलं. ते जमिनीला टेकणार तेवढ्यात पोरीनं झडप घालून उजवा हात त्याखाली सारला.

हाड मोडल्याचा आवाज काकीला नाही कळणार तर कुणाला? तिनं शटर वर फेकलं. पंजा काळानिळा, मनगट भलतीकडेच वळलेलं, फरशीवर रक्त. आणि पोरगी पांढऱ्या ओठांनी विचारत होती, “आता नाही ना करता येणार मला?”

सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. पाठीवरचे वळ बघून त्यानं मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई पोरीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग काकीला आत घेतलं.

काकीनं तोफ डागली, “वेडी आहे का ती?”

“नाही.”

“मग खुनी?”

“खून करणारा सुरी शोधतो, काकी. तुमची मुलगी लपवते. बाळावर तिचा इतका जीव आहे की त्या चित्रानंच तिचा थरकाप होतो. याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. गच्चीवरून खाली बघताना उडी मारली तर, असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. तुमचा विचार येतो नि जातो. तिचा खिळ्यासारखा अडकतो. मग ती सुरी लपवते, तुम्हाला विचारते. तुम्ही ‘नाही’ म्हणता, घटकाभर बरं वाटतं, की भीती दुप्पट भुकेली होऊन परत. तुमचा ‘नाही’ हा तिचा खुराक आहे.”

“मग ‘हो’ म्हणू का?”

“काहीच नाही. हा प्रश्न आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही, एवढं सांगायचं आणि तिच्याजवळ बसून राहायचं. पायरीपायरीनं शिकवू आम्ही, तिलाही नि तुम्हालाही. गरज पडली तर औषध देऊ. आणि मार बंद, कडी बंद. आजपासून. बरं झालं लवकर आणलंत.”

“लवकर? हात मोडल्यावर?”

“काही जण हेच लहानपणापासून सोसत, मोठे होऊन नोकरीला लागल्यावर येतात.”

संध्याकाळी नवरा पोरीची पिशवी भरत होता. काकीनं ती हिसकावून रिकामी केली. “ती कुठं जाणार नाही.”

“उद्या बाळाला काही केलं तर?”

“डॉक्टरीण म्हणते नाही करणार. आणि तू म्हणतोस करणार. तू कधी शिकलास डॉक्टरी, सोलता सोलता?”

पट्टा निघाला. काकीनं हात आडवा घातला. बक्कल मनगटावर बसलं, कातडी फाटली. तिनं तसाच पट्टा खेचून घेतला, दुकानात नेला, ओंडक्यावर ठेवला नि सत्तुरानं खांडोळी केली. “घे. विकू का पाव किलोनं?”

पुढच्या खेपेला नवरा मुकाट दवाखान्यात आला. बायकोला घाबरून आला म्हणा, चालेल.

पण खरी मारामारी पुढेच होती. पोरीनं विचारलं, “नाही ना?” काकी शिकवल्याप्रमाणे म्हणाली, “हा प्रश्न आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही,” नि तिच्याजवळ बसली. पोरगी किंचाळली. प्लास्टर भिंतीवर आपटायला लागली, तेव्हा काकीनं तिला घट्ट मिठीत धरलं. पोरीनं तिच्या दंडाला रक्त येईतो चावा घेतला. “सांग ना! एकदाच सांग!” एका घावात मुंडकं उडवणारी बाई, तिला एक शब्द गिळताना दरदरून घाम फुटला. ‘नाही’ जिभेवर आला होता. थापडही हातात आली होती. दोन्ही तिनं गिळलं. बऱ्याच वेळानं पोरीचं अंग सैल पडलं. हुंदके देत ती आईच्या मांडीवर कलंडली, उत्तर न मिळताच.

असं पुष्कळदा झालं. दवाखान्यात आधी सुरीचं चित्र बघणं, मग बोथट सुरी हातात धरणं, मग खरी सुरी टेबलावर ठेवून गप्पा मारणं. कधी दोन पायऱ्या वर, कधी धाडकन खाली.

प्लास्टर निघाल्यावर काही आठवड्यांनी, डॉक्टरीणबाईंनी हिरवा कंदील दाखवला तेव्हा, काकीनं पाटावर टोमॅटो ठेवला आणि सुरी खारीच्या हातात दिली. नवरा दारात, तोंडाचं पाणी पळालेलं. बाळ रांगत आलं नि ताईचा फ्रॉक ओढायला लागलं. सुरी हवेतच थांबली.

“आई, तो प्रश्न आलाय.”

“येऊ दे. आलाय तर बसू दे. तू टोमॅटो चीर.”

टोमॅटोचा पार चेंदा झाला. पण चिरला. आणि तिनं विचारलं नाही.

तुमच्या घरात एखादं लेकरू एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत असेल, वस्तू लपवत असेल, कातडी सोलवटेपर्यंत हात धूत असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ बसा आणि विचारा, “तुला डोळ्यांसमोर काय दिसतं?” ते जे सांगेल ते न किंचाळता ऐका, आणि त्याला मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जा.