उंबराच्या डोहाची वाट

मळवलीहून अमीनभाऊचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी एका जाडजूड पोथीच्या पाठीला खळ लावत बसलो होतो. चिकट हातांनीच ते वाचलं. "बाइंडरआबा, सोमवारी लोणावळ्याला साहेब डोहाच्या वाटेचा निकाल देनार हायेत. वाट ऱ्हायली तर दोघं मिळून गळ टाकू. न्हाई ऱ्हायली तरी या. मला एकट्याला ऐकवायचं न्हाई." अक्षर स्टेशनातल्या पोर्टरचं, बोल मात्र अमीनभाऊचेच. पोथी दाबाखाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, "मी शनिवारी निघतो." ती म्हणाली, "मासे आणू नका एवढे सगळे."

अमीनभाऊ म्हणजे मळवली स्टेशनासमोरचा लहानसा दुकानदार. मीठ, मिरची, विड्या, काडेपेट्या विकतो. जीव मात्र सगळा इंद्रायणीत. वीस वर्षांपूर्वी भाजे लेणी बघायला गेलो होतो, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून नदीवर गेलो, तर हा गृहस्थ उंबराच्या सावलीत पुतळ्यासारखा बसलेला. मी मोठ्यानं "राम राम" घातला. त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि शेजारच्या दगडाकडे खूण केली. तेव्हापासून दरवर्षी भात झोडून झालं की मी तिकडे जातो. शाळा मला तिसरीपर्यंतच. पुढचं सगळं लिहिणं-वाचणं मी बांधायला आलेल्या पुस्तकांतून चोरून शिकलो. आणि नदीवरचं शिकलो ते अमीनभाऊकडून.

कुणाला असं जायचं असेल तर सामान सांगून ठेवतो. काठी घरची नेऊ नका, गाडीत लोकांच्या डोळ्यांत जाते. अमीनभाऊकडे बेटातल्या जुन्या कळकाच्या, धुरावर शेकून सरळ केलेल्या काठ्या असतात. रेशमी दोरा पुण्यातून न्यावा, त्याला मेण चोळावं. मासा लागल्याची खूण सांगायला, पाण्यावर तरंगता मोरपिसाचा देठ. त्यासारखं हलकं आणि खरं बोलणारं दुसरं काही नाही. शिसाच्या दोन गोळ्या, लहान-मोठे चार गळ, आणि भाजलेल्या डाळीच्या पिठात हिंग मळून केलेला गोळा ओल्या फडक्यात. तिसऱ्या वर्गाचं तिकीट आठ-नऊ आण्यांच्या आत बसतं. विजेची गाडी झाल्यापासून डोळ्यांत कोळसा जात नाही, हा एक फायदा.

या खेपेला पिशवीत आणखी एक वस्तू होती. तिच्यावर माझा फार भरवसा. लाल कापडी पाठ लावून मी स्वतः बांधलेली लहानशी वही. तिच्यात काय होतं ते कळायला आधी डोहाची गोष्ट ऐकावी लागेल.

शनिवारी दुपारी उतरलो. दक्षिणेला लोहगड-विसापूर उन्हात निवांत पसरलेले. अमीनभाऊ फलाटावरच उभा. दाढी पार पांढरी झालेली. मी म्हटलं, "काय हो, यंदा चुना लावला का?"

"तुमी तरी कुटं काळे ऱ्हायलाय? चला, हमीदानं भात टाकलाय."

हमीदावहिनींनी आंबेमोहोर भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. नदीकाठच्या घरात समुद्राचा वाळका मासा ताटात बघून मी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "दोन महिने झाले, घरात नदीचा मासा न्हाई. ह्यांना पुलावर जा म्हनलं तर जात न्हाईत."

"पुलावरनं काय गळ टाकायचा? लोकांच्या पायाखाली बसून?" अमीनभाऊ पुटपुटला.

जेवून आम्ही डोहाकडे निघालो. स्टेशनाहून कार्ल्याच्या रस्त्याकडे चालू लागलं की इंद्रायणी आडवी येते. पुलाच्या अलीकडे डावीकडे वळायचं, भाताच्या खाचरांच्या बांधावरून पाव मैल. शेवटचा बांध सखूमावशीचा. बांधाखाली उंबर, उंबराखाली डोह. उन्हाळ्यात सगळी नदी आटून दगड वर येतात, तेव्हाही तिथं पाणी असतं. म्हणून गावची गुरं तिथं, धुणी तिथं, आणि अमीनभाऊसारख्या चार-सहा जणांचे गळही तिथंच.

नदीवरची रीत अमीनभाऊनं मला पहिल्याच वर्षी शिकवली होती. दुसऱ्याच्या पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. गुरं पितात त्याच्या वर धुणं धुवायचं नाही. पावसाच्या तोंडाला गाभोळी धरलेली मादी गळाला आली तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात. डोहात विषारी साल ठेचून टाकणाऱ्याला गावात बसायला पाट नाही. आणि सगळ्यांत मोठी रीत म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवण्याआधी उभं राहून हाक घालायची, "येऊ का हो पान्याला?" मग ज्याचा बांध तो, कामात असला तरी, मान वर करून म्हणणार, "या की! इच्यारता कशाला?" रोज हाक, रोज हेच उत्तर. पहिला मासा निघाला तर जाताना त्या घरी द्यायचा. सखूमावशी माळकरी, मासा खात नाही. तिला अमीनभाऊ करवंदं नाहीतर गुळाचा खडा देई.

तीन वर्षांपूर्वी सखूमावशीच्या दिरानं ती जमीन मुंबईच्या एका शेठला विकली. बंगला उभा राहिला. अमीनभाऊ सवयीप्रमाणं बांधापाशी उभा राहिला आणि हाक घातली. तिथला मुकादम म्हणाला, "तोंडी चालत नाही. लिहून द्या." अमीनभाऊ धावत माझ्याकडे पुण्याला आला. मी चांगला अर्ज लिहून दिला. कमानदार अक्षर, समास सोडून, खाली सगळ्यांचे अंगठे. "आपण कृपावंत होऊन डोहावर जाण्या-येण्याची परवानगी द्याल तर आम्ही आपले ऋणी राहू." मला वाटलं, काय सुरेख जमलंय! परवानगीची चिठ्ठी आली. दरवर्षी येत गेली. अमीनभाऊ त्या चिठ्ठ्या अत्तराच्या डबीत ठेवायचा. पहिला मासा बंगल्यावर जायचा.

यंदा चिठ्ठी आली नाही. तार आली. काटेरी, चार पदरी, थेट पाण्यापर्यंत. गावानं मामलेदारसाहेबांकडे दाद मागितली, आणि अमीनभाऊनं डबीतल्या चिठ्ठ्या माझ्याकडे पाठवून दिल्या.

तारेपाशी पोचलो तर पलीकडे उंबर तसाच. खाली पाणी हिरवं, स्थिर. एक मरळ वर येऊन श्वास घेऊन गेली. गोल गोल वलयं तारेच्या खालून आमच्या बाजूला आली. अमीनभाऊनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी पिशवीतून वही काढली. "काळजी करू नका. अर्जाची अंगठ्यांसकट नक्कल आणि तिन्ही चिठ्ठ्या ओळीनं बांधल्यात. तीन वर्षांची वहिवाट कागदावर आहे. एवढा पुरावा कुणाकडे असतो?"

त्यानं वही दोन्ही हातांत घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला. "लय मजबूत बांधलीय, आबा."

रविवार आम्ही पुलावर काढला. येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं : पूल सरकारी, तिथं कुणी हटकत नाही. पण पाणी गुडघाभर, वरून बैलगाड्या, आणि पुलाची सावली सगळ्या पाण्यावर. दोन बोटांएवढे चार मासे लागले, ते सोडून दिले. खालच्या अंगाला एका बाईनं गुरं दोन मैल फिरवून आणली होती. ती सखूमावशीच निघाली. आम्हाला बघून म्हणाली, "उद्या मी बी येनार हाय. साहेबाला सांगते, ही मानसं कशी हायेत ती."

"सांगा मावशी, तुमचंच ऐकतील," मी म्हटलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं लोणावळा. तिकीट आण्यावारी, प्रवास चिक्कीचा एक तुकडा संपेपर्यंतचा. साहेबांचा मुक्काम एका जुन्या बंगल्यात होता. साहेब तरुण, आमच्यातलाच, सभ्य. बसायला बाक दिला, सखूमावशीला पाणी विचारलं. शेठच्या बाजूनं मुकादम एकटाच आला होता, हात हलवत. त्याच्याकडे एकही कागद नव्हता. मी अमीनभाऊला कोपरानं ढोसलं. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली.

मी वही पुढं ठेवली. साहेबांनी ती सावकाश वाचली. एकदा, मग पुन्हा. पानं उलटताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, दया येत असावी.

"हा अर्ज कुणी लिहिला?"

"मी, साहेब." छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

"आणि मासे बंगल्यावर द्यायचे ते कशाबद्दल?"

"रीत हाय साहेब," अमीनभाऊ म्हणाला.

साहेब सखूमावशीकडे वळले. "बाई, जमीन तुमची होती तेव्हा ही माणसं बांधावरून हक्कानं यायची का?"

मावशी ताठ उभी राहिली. तिला जे सांगायचं होतं ते हेच होतं. "हक्कानं? छे! एक दिस बी इचारल्याबगार पाय न्हाई टाकला ह्यांनी. लय भली मानसं. अमीनभाऊ तर पावसात बी उभा ऱ्हायचा, मी व्हय म्हनेस्तवर."

"तुम्ही कधी नाही म्हणालात?"

"पान्याला न्हाई म्हनतं का कोन?"

"पण म्हटलं असतं तर?"

"तर माघारी गेली असती. गरीब हायेत."

मुकादमानं खाली बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, त्यालाही ते ऐकवेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आबा," मला म्हणाले, "लोक वर्षानुवर्षं न विचारता जात असते तर मला वाट त्यांची म्हणता आली असती. तुम्ही प्रत्येक वेळी परवानगी मागितलीत. मागितलेली गोष्ट देणाऱ्याची राहते. तोंडी असतं तर मी काही वेगळं समजून घेतलं असतं. पण हे लिहिलेलं आहे, अंगठ्यांसकट." मग वहीवर हात ठेवला. "ही दप्तरात ठेवावी लागेल. बांधणी फार चांगली आहे."

पुस्तकं बांधायला लागल्यापासून माझ्या बांधणीचं इतकं मोकळं कौतुक कुणी केलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मावशी आमच्यासमोर बसली. सखूमावशीला नक्की काय झालं ते कळलंच नव्हतं. "म्या बरुबर बोलले ना, भाऊ?" ती तीनदा विचारती झाली. तिन्ही वेळा अमीनभाऊ म्हणाला, "लय बरुबर बोललात, मावशी." तिसऱ्या वेळी त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मळवलीला मी उतरलो नाही. सामान त्यानं सकाळीच बरोबर घ्यायला लावलं होतं. निकाल चांगला लागला तर माघारी आणू, म्हणाला होता. मी दारात उभा राहून म्हटलं, "अमीनभाऊ, तो अर्ज..."

"तुमचा काय दोस? मीच आलो व्हतो तुमच्याकडं पळत. दुसरं कुनी असतं तर इतकं सुरेख लिव्हलं नसतं." त्याला खरोखर माझं सांत्वन करायचं होतं.

गाडी हलली. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी येऊ का?"

तो फलाटावर गाडीबरोबर चार पावलं चालला. वीस वर्षांत त्यानं या प्रश्नाला "या की! इच्यारता कशाला?" हेच उत्तर दिलेलं. या वेळी त्याचे ओठ हलले. पण गाडीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. बोलला की नाही तेही सांगता येत नाही.

घरी येऊन महिना झाला. दोऱ्याला मेण लावून रीळ फळीवर ठेवलंय, मोरपिसाचा देठ त्याच्याशेजारी. मावळात बघण्यासारखं पुष्कळ आहे : भाज्याची लेणी, बेडसे, लोहगडाचा विंचूकाटा. पाय आहेत तोवर जाऊन या, हवा उत्तम, माणसं त्याहून उत्तम. पण डोहाचं कुणी विचारलं तर मी काय सांगू? आळीतल्या एकाला नळाच्या जोडणीसाठी अर्ज लिहून हवा होता. मी "विनंती" एवढं लिहिलं आणि लेखणी खाली ठेवली. त्याला म्हटलं, दुसरीकडून लिहून घे.

आणि काल पुन्हा पोर्टरच्या अक्षरातलं कार्ड आलं. अमीनभाऊ बरा आहे. पुलावर जातो, म्हणतो. वहिनींनी सलाम सांगितलाय. खाली एवढंच : "गावात साहेबाचं बोलनं सगळ्यांना कळलंय. आता कुनी कुनाच्या बांधावर हाक घालत न्हाई. इचारलं की वाट जाते म्हनतात. परवा सखूमावशीच्या उरलेल्या वरच्या खाचरातनं एक जन मुकाट गेला. ती काम टाकून उभी ऱ्हायली, हाकेची वाट बघत. तो गेला, तरी बी उभी व्हती."