चपला घालून बसलेली शाळा

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. सुमित्राबाईंच्या शेजारची इंदू बोलत होती. "ताई, आमच्या मोठ्या बाई गेल्या ओ." आणि मी, एवढी शिकलेली बाई, त्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, "आग लागली का?" पलीकडे तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "न्हाई ओ ताई. झोपीतच गेल्या. ओसरीवर, खाटंवर." मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसची कळ बंद आहे का ते पाहिलं. बंदच होती. तरी पुन्हा एकदा हात लावून पाहिलं...

सानिका, रोहन, याला आता काही आठवडे झाले. तुम्हाला परीक्षेमुळे येता आलं नाही आणि तुमचे आईबाबा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परवा तुम्ही मला विचारलंत की बिदरची आजी, म्हणजे मी, घरी दारातच बूट काढायला लावते, मग शाळेची आजी वर्गातसुद्धा ते काढू का देत नव्हती? मी काहीतरी बोलून विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. म्हणून लिहिते आहे, आणि आमच्या भागातल्या लोकांनीही वाचावी म्हणून छापायला देते आहे.

सुमित्राबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. बिदर जिल्ह्यातल्या राजेश्वरपासून आत असलेल्या एका गावातल्या लहानशा मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, बिदरच्या कॉलेजात शिकवलं, आणि तिथल्याच नौबाद भागातल्या माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. सोयरीक ठरल्यावर त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत म्हणाल्या, "विहीणबाई, मिठाच्या डब्यावर बी नाव लिवलंय की. पळून जातंय का काय ते?" पण रांगेची हौस त्यांनाही माझ्याइतकीच होती. त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाच्या दाराबाहेर, मुलांच्या चपला एका ओळीत लावलेल्या असत. एकही वाकडी नाही. घंटा झाली तरी कोणी धावायचं नाही. दाराशी यायचं, वाकायचं, आपली जोडी घालायची, मग पुढे.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, चुलीपुढे भाकरी थापताना. त्यांच्या वडिलांना गावातल्या काही गल्ल्यांतून जाताना चपला काढून हातात धराव्या लागत. आमच्या दोघींच्याही घरांनी बौद्ध धम्म घेतला त्याच्या आधीची ही गोष्ट. "म्हणून माझ्या शाळेत पाटलाच्या पोराची चप्पल आन् आपल्या पोराची चप्पल शेजारी बसत्यात," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी मला दर बुधवारी इंग्रजी शिकवायला बोलावलं, तेव्हा मीही माझी चप्पल त्या ओळीत लावू लागले.

त्या बुधवारी वारा होता. ऊस तुटून गेला होता आणि शेताशेतांत पाचट जाळत होते. त्या दिवसांत तो वास सगळ्यांच्या नाकात बसलेलाच असतो, कोणी मान वर करून बघत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जळणाच्या तुराट्यांची गंजी होती, कारण खिचडी शिजवायचा गॅस अधूनमधून संपायचा. मी फळ्यावर लिहीत होते. वाळक्या पानांवरून कुणीतरी चालतंय असा आवाज मागून येत होता, आणि मला वाटलं शेळ्या असतील. भाग्या नावाची तिसरीतली मुलगी मागच्या भिंतीला टेकून बसायची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, आईवडील रोजंदारीवर जात. ती म्हणाली, "मॅडम, भिताड गरम लागायलंय." मी जाऊन भिंतीला तळवा लावला. अजूनही कधी कधी माझा तळवा तसा गरम होतो आणि मी उठून बसते.

वर पाहिलं तर छताच्या लाकडी फळ्यांमधून धूर खाली उतरत होता. मोठ्या बाईंनी व्हरांड्यातून हाक दिली, "उठा, बाहेर." मुलं उठली. शिकवल्याप्रमाणे ओळीने दाराशी गेली आणि तिथे थांबून वाकली. प्रत्येक जण आपली जोडी शोधत होता. कोणीतरी दानात दिलेल्या निळ्या पट्ट्यांच्या नव्या चपला होत्या, सगळ्या सारख्या, ओळखू येत नव्हत्या. पुढचं मूल वाकलेलं, म्हणून मागचं थांबलेलं, त्याच्या मागची सगळी खोकत उभी, आणि शेवटी मी. ढकलायचं नाही हेही त्यांना शिकवलेलं होतं. मला बाहेरचा उजेड दिसत होता आणि त्याच्यापर्यंत जाता येत नव्हतं. "चपला सोडा, पळा," बाई ओरडत होत्या, आणि मुलं त्यांच्याकडे नुसती बघत होती. हे वाक्य बाईंच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. शेवटी बाईंनी दोन्ही हातांनी ती ओळ उधळली. चपला अंगणात भिरकावल्या, मुलांना दंडाला धरधरून ओढलं.

आम्ही सगळे बाहेर आलो. आणि भाग्याचा पहिलीतला भाऊ अनवाणी रडत होता, म्हणून ती व्हरांड्यातच राहिलेली त्याची जोडी आणायला परत गेली. वरून फळी पडली. बाई आत घुसल्या आणि तिला उचलून आणलं, पण तोवर तिचा उजवा पाय... ते मी लिहीत नाही. आगीचा बंब आला तेव्हा भिंती उभ्या होत्या, आत काही उरलं नव्हतं.

भाग्याला बिदरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिची आई लक्ष्मी माझ्याकडेच राहायची. बाई रोज पहिल्या बसने यायच्या. दवाखान्याच्या जिन्यात लक्ष्मी त्यांना म्हणाली, अगदी हळू आवाजात, "तुमची रांग जपली बाई. माझ्या पोरीचा पाय न्हाई जपला." मला वाटलं बाई काहीतरी सांगतील. वारा होता, शेतातली ठिणगी होती, गंजी होती, दुसरं पुष्कळ सांगण्यासारखं होतं. त्या फक्त "व्हय" म्हणाल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या.

गावाने शाळेसाठी समाजमंदिराचा हॉल दिला. नव्या पाट्या आल्या, पुस्तकं आली, सतरंज्या आल्या. मुलं मात्र आत पाऊल टाकेनात. अंगणातच घुटमळायची, आणि कुठून पाचटाचा वास आला की शब्द न बोलता उठून पळत सुटायची, पार ओढ्यापर्यंत. शिक्षण खात्याचे साहेब येऊन सांगून गेले की शाळा अशी भरत नसेल तर ती दूरच्या शाळेत विलीन करावी लागेल. मोठ्या रस्त्याने एवढं लांब मुलींना कोण पाठवणार? शाळा गेली तर मुली घरात बसणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं. मी बॅग भरून तिकडे राहायला गेले. मदतीला म्हणून गेले खरी, पण मुलांइतकीच मीही घाबरलेली होते. हॉलला एकच दार होतं. मी आत गेले की माझी पाठ भिंतीला लागू द्यायची नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी मुलांना अंगणात गोळा केलं. मला वाटलं आता त्या धीर देतील, घाबरू नका म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला लई भ्या वाटायलंय. तुमाला?" सगळ्यांनी माना हलवल्या. "मग भ्यायचं. पण दार कुठाय ते बघून भ्यायचं." आणि शिकवणं बाजूला ठेवून त्यांनी एकच धडा सुरू केला, बाहेर पडायचा. उंबऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग एक पाऊल आत आणि परत. लहान आधी, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि पायातली चप्पल पायातच. ती काढायचीच नाही. दिवसेंदिवस हेच चाललं, तोवर भाग्याही दवाखान्यातून घरी आली. एका पोराने विचारलं, "बाई, आमाला शिकवायलाव का हाकलायलाव?" तेव्हा मुलं आगीनंतर पहिल्यांदा हसली.

चपला मात्र गावाला सोसल्या नाहीत. हॉलची देखरेख अप्पांकडे होती, देवळाच्या कमिटीतले वयस्क गृहस्थ. त्यांनीच तिथे सरस्वतीचा फोटो लावला होता. ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, हे काय करायलाव? इद्येच्या जागी चपला घालून लेकरं बसवायलाव? तुमच्यात चालत असंल, आमच्यात चालत न्हाई." त्या 'तुमच्यात'ने माझे कान तापले. बाईंच्या वडिलांच्या हातातल्या चपला मला दिसल्या, आणि मला वाटलं आता इथेच सगळं मोडतं, हॉलही जातो आणि शाळाही. बाई म्हणाल्या, "अप्पा, वीस वर्सं मीच काढायला लावल्या. भाग्याचा पाय बघून या, मग सांगा. तुमी सांगाल तसं करते." अप्पांनी खुर्चीवर चढून फोटो उतरवला आणि काखेत धरला. "न्या," बाई म्हणाल्या. "तिला बी भ्या वाटत असंल हितं." अप्पा फोटो घेऊन गेले. आम्हाला वाटलं संध्याकाळी कुलूप लागेल. ते लागलं नाही. अप्पा त्या दिवशी भाग्याच्या घराकडे जाताना दिसले, एवढं इंदूने सांगितलं. फोटो पुढे कधी परत आला नाही, आणि हॉलबद्दल कोणी बोललंही नाही.

मुलं आत बसू लागली, पण दाराच्या बाजूलाच दाटीवाटीने. मागची अर्धी सतरंजी रिकामी. जुन्या वर्गात भाग्या बसायची तशी, मागच्या भिंतीजवळची जागा. बाई रोज संध्याकाळी लक्ष्मीच्या दारात जाऊन बसायच्या. आत बोलावणं नव्हतं, तर त्या बाहेरच्या दगडावर बसायच्या, भाग्याला पाढे विचारायच्या आणि उठून यायच्या. एका सकाळी लक्ष्मी तिला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी मुलगी कडेवर. उंबऱ्याशी उतरवलं, तशी भाग्या सवयीने वाकून चप्पल काढायला लागली. सगळा वर्ग बघत होता. बाई खाली बसल्या. त्या मुलीचा भाजलेला पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला, निळी पट्टी अंगठ्यात सरकवली, आणि तो पाय थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "चुकलं माझं," त्या लक्ष्मीला म्हणाल्या. "ही रांग परत न्हाई लावणार." लक्ष्मी दारातच बसून राहिली, शाळा सुटेपर्यंत, आणि पुढे कित्येक दिवस रोज. भाग्या लंगडत मागे गेली, भिंतीला हात लावून पाहिला, आणि बसली. मग एकेक करून बाकीची मुलंही मागे सरकली.

शाळा राहिली. नवी इमारत झाली तेव्हा प्रत्येक खोलीला दोन दारं हवीत म्हणून बाई इंजिनिअरशी भांडल्या आणि ती करून घेतली. भीती मात्र गेली, असं मी तुम्हाला सांगणार नाही. बाई त्यानंतर कधी खोलीत झोपल्या नाहीत. थंडीतही ओसरीवरच. माझ्याकडे मुक्कामाला आल्या की दिवाणखान्यात दाराशी अंथरूण घालायच्या, आणि मी काही न विचारता दुसरं माझं घालायची.

शोकसभा शाळेतच झाली. बाईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची होती. काडीपेटी टेबलावर होती आणि एकही शिक्षक तिला हात लावेना. मुलांसमोर काडी ओढायची, त्या खोलीत... माझेही हात पदराखाली गुंतलेले होते. भाग्या आता हायस्कूलला जाते. ती मागून उठली. पहिली काडी विझली. तिने मान वळवून एक दार पाहिलं, मग दुसरं पाहिलं, आणि दुसरी काडी ओढली. माझ्या शेजारची लहान मुलगी मला घट्ट बिलगली होती, की मी तिला, ते मला सांगता येणार नाही.

सभा संपल्यावर कोणी काही न सांगता मुलं उठली. लहान आधी, हात खांद्यावर. भाग्या मला म्हणाली, "आजी, तुमी लहानांसंगट. म्हातारी मानसं बी आधी." मी एका पहिलीतल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. अंगणात उभी राहून मागे पाहिलं तर भाग्या अजून आतच होती. तिने मेणबत्ती विझवली, वात पाण्यात बुडवली, चारही कोपरे नीट पाहिले आणि सगळ्यांत शेवटी दारात आली. एक गोष्ट वर सांगायची राहिली, ती अशी की आगीनंतर शाळा सुटताना सुमित्राबाई रोज शेवटी बाहेर यायच्या आणि उंबऱ्यावर थांबून मोठ्याने एक वाक्य म्हणायच्या. ते ऐकल्याशिवाय कुठलंही मूल घरी जायचं नाही. त्या दिवशीही सगळी थांबली होती. भाग्याने आत एकदा पाहिलं आणि म्हणाली,

"आत कुनी न्हाई."

तरीही बराच वेळ अंगणातलं कोणी हललं नाही.