जैतूनबीची हाक

चिखल आक्काच्या काखेपर्यंत आला होता आणि ती ओरडत नव्हती. मी तिच्यापासून दोन हातांवर, मांडीपर्यंत रुतलेली. एक पाय उपसायला जावं तर दुसरा आणखी खाली जायचा. माझा रिकामा डबा शेजारी चिखलावर आडवा पडला होता. तो मला दिसत होता, पण सुचत काही नव्हतं. भीतीसुद्धा वाटत नव्हती. समोर पाण्यात ते लांब पायांचे गुलाबी पक्षी माना खाली घालून चरत होते, आणि मी त्यांच्याकडं बघत होते.

या सदरात लोक भुतांच्या गोष्टी सांगतात. मी भूत मानत नाही, अंगात येणं मानत नाही. चौथीपर्यंत शिकले, मी सांगते ते नात मोबाईलवर टाईप करतेय. तिला बजावलंय, पदरचं काही घालू नको.

दुष्काळाचं वर्ष होतं. तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं. आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. सगळीकडं बिल्डिंगा उठत होत्या आणि नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही वेळ न सांगता. आमच्या गल्लीत पहिलं पाणी जैतूनबीच्या घरी उतरायचं. ती दारातून हाक मारायची, "गयाबाई, नल आया... डब्बा लगाव!" की आम्ही उठायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली नणंद, कौसाआक्का. माझं काम डबा पुढं सरकवायचं, तिचं नळाखाली लावायचं. वर्षानुवर्षं हेच. हाक आली की हात आधी हलायचा, डोकं मागून जागं व्हायचं.

त्या साली जैतूनबीला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. मग हाक तिची सून मारायची... पण ती हाक वेगळी.

माझ्या मुलाला, प्रकाशला, पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. एका रविवारी तो आम्हा दोघींना पैठणच्या धरणावरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन निघाला. आम्ही गाडीत पाणी भरायचे दोन मोठे, झाकणाचे रिकामे डबे ठेवले. त्याला राग आला. "आई, पक्षी बघायला चाललोय आपण, टँकर भरायला नाही."

आक्का म्हणाली, "तुझे पक्षी पाण्यात उभे ऱ्हाणार, आन् आमी नुसतं बघायचं व्हय?"

बिडकीनच्या पुढं आलो तरी त्याची कुरकुर चालूच होती. धरण पार आटलं होतं. काठापासून लांबपर्यंत भेगाळलेली जमीन, आणि तिच्या पलीकडं पाणी. तिथल्या माणसानं सांगितलं होतं, काठ सोडू नका, वरून वाळलंय, खाली गाळ आहे. प्रकाश कॅमेरा घेऊन पुढं गेला. दुपारची वेळ, आम्ही झाडाखाली बसलो. थोडा वेळ बसलो, जास्त नाही. एवढं पाणी डोळ्यासमोर, आणि घरी धुण्याचा ढीग. आक्का उठली, मीही उठले. वापरायला दोन डबे आणू, एवढंच मनात होतं. पाण्याच्या जवळ आलो आणि वरची पापडी फुटली. आक्काचा डबा हातातून सुटून लांब घरंगळला.

तर तिथं आम्ही रुतलेल्या. आक्कानं एकदाच तोंड उघडलं. "गया, जाऊ दे आता," म्हणाली.

तेवढ्यात मागून हाक आली.

"गयाबाई, नल आया... डब्बा लगाव!"

जैतूनबीचा आवाज. तिचं ते शेवटाला ओढून बोलणं. मी मागं वळून बघितलं नाही, विचारही केला नाही. हात डब्याकडं गेला आणि डबा पुढं सरकवला. आक्कानं तो घेतला, नळाखाली लावताना घ्यायची तसाच, दोन्ही हातांत कवटाळून. झाकण घट्ट होतं. आत हवा. ती त्या डब्यावर छाती टेकून राहिली आणि तिचं खाली जाणं थांबलं.

पुढं मासे धरणाऱ्या दोघांनी आम्हाला बघितलं. त्यांनी थर्माकोलचा तराफा सरकवत आणला, दोर टाकला आणि आम्हाला ओढून काढलं. प्रकाश काठावर रडत होता. मला रडू आलं नाही. आक्का चिखलानं माखलेली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "जैतून कुठं गेली?"

मी तिला हाकेबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

घरी आलो तशी मी थेट जैतूनबीकडं गेले. तिची सून वैतागली होती. म्हणाली, "आज पानी का दिन भी नहीं था. दोपहर को घिसटते घिसटते नल के पास गई, सूखे नल को डब्बा लगाके बैठी. शामतक उठी नहीं." मी जैतूनबीला विचारलं, मला हाक मारलीस का? तिनं माझ्याकडं बघितलं. मग चांगल्या हाताच्या नखानं माझ्या पदरावरचा वाळलेला चिखल खरवडत बसली.

प्रकाश म्हणतो, भीतीनं कानात असं वाजतं. वाजत असेल. दोघींच्या कानात एकच कसं वाजलं, ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. मी शोधायचं सोडून दिलं.

जैतूनबी पाऊस यायच्या आधीच गेली. शेवटपर्यंत तिला वाचा आली नाही. आक्का आणि मी जिवंत आहोत.